उपनगरी रेल्वेचा प्रवास आणि तिकिटाची निवड : मुंबईच्या संदर्भात एक विवेचन

१. प्रास्ताविक

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे या सुमारे ३४ किलोमीटरच्या मार्गावर भारतातील पहिली प्रवासी रेल्वे धावली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी तत्कालीन व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या हार्बर मार्गावर विजेची गाडी सुरू झाली आणि मुंबईच्या उपनगरी वाहतुकीला आजचे रूप येऊ लागले. तेव्हापासून या महानगराचे अर्थजीवन आणि शिक्षणजीवन लोकल गाडीशी बांधले गेले आहे. डोंबिवलीत राहून माटुंग्याला शिकणारा विद्यार्थी, विरारहून चर्चगेटला येणारी लिपिक, पनवेलहून ठाण्याला जाणारा प्राध्यापक ही आपल्या नित्य परिचयाची उदाहरणे होत.

या प्रवासाविषयी गर्दी, अपघात आणि वेळापत्रक या अंगांनी पुष्कळ लिहिले जाते. त्या मानाने तिकीट हा विषय दुर्लक्षित राहतो. कोणते तिकीट घ्यावे याचा निर्णय बहुसंख्य प्रवासी सवयीने घेतात. वडील पास काढीत म्हणून मुलगाही पास काढतो. वस्तुतः साधे तिकीट, परतीचे तिकीट, मासिक व त्रैमासिक पास, विद्यार्थी सवलतीचा पास, पर्यटक तिकीट आणि या सर्वांतील वर्गभेद लक्षात घेता ही निवड हिशेबाची आहे. ज्यांचे उत्पन्न मर्यादित वा अनियमित आहे, त्यांच्या दृष्टीने तर हा हिशेब महत्त्वाचाच ठरतो.

२. लेखाची उद्दिष्टे व व्याप्ती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) मुंबई उपनगरी रेल्वेवरील तिकिटांचे प्रमुख प्रकार स्पष्ट करणे.
२) पास केव्हा फायद्याचा ठरतो, हे सोप्या गणिताने दाखविणे.
३) या रचनेत अनियमित प्रवाशाचे स्थान काय, याचा विचार करणे.
४) विद्यार्थी सवलतीच्या संदर्भात महाविद्यालयाची जबाबदारी निश्चित करणे.

विवेचन मुख्यतः मध्य, पश्चिम व हार्बर मार्गांपुरते असून मेट्रोचा विचार आवश्यक तेथेच केला आहे. भाड्याचे आकडे अंतराच्या टप्प्यानुसार बदलतात. त्यामुळे येथे प्रत्यक्ष दरांपेक्षा दरांमागील प्रमाणांवर भर दिला आहे.

३. तिकिटांचे प्रमुख प्रकार

अ) साधे तिकीट : हे एका दिशेच्या एका प्रवासासाठी असते. दुसऱ्या वर्गाचे किमान भाडे ५ रुपये आहे. या तिकिटावर मधल्या स्थानकात बाहेर पडून पुन्हा पुढचा प्रवास करता येत नाही. मोबाइलवर काढलेल्या तिकिटावर एका तासाच्या आत प्रवास सुरू करावा लागतो.

आ) परतीचे तिकीट : यात सवलत नसते, भाडे साध्या तिकिटाच्या दुप्पटच असते. लाभ असतो तो संध्याकाळी पुन्हा रांगेत उभे न राहण्याचा.

इ) पास : रेल्वेच्या परिभाषेत यास सीझन तिकीट म्हणतात, लोकव्यवहारात मात्र ‘पास’ हाच शब्द रूढ आहे. ठरलेल्या दोन स्थानकांदरम्यान, ठरलेल्या मुदतीत कितीही फेऱ्या करण्याचा अधिकार त्यामुळे मिळतो. मधल्या कोणत्याही स्थानकावर उतरता व चढता येते, हा त्याचा फारसा लक्षात न येणारा गुण होय.

ई) पर्यटक तिकीट : हे १, ३ व ५ दिवसांचे असते आणि उपनगरी मार्गांवर कितीही प्रवासासाठी चालते. त्याची मुदत शेवटच्या दिवशी मध्यरात्री संपते. बाहेरगावाहून चर्चासत्रासाठी आलेले पाहुणे किंवा एकाच दिवशी चारपाच ठिकाणी जावे लागणारे संशोधक यांना ते उपयुक्त असते. पण त्याची माहिती फार थोड्यांना आहे.

४. पासाचे गणित

पासाच्या उपयुक्ततेचा निकष एकाच भागाकारात सामावलेला आहे. पासाच्या रकमेला साध्या तिकिटाच्या रकमेने भागावे. येणारा आकडा म्हणजे पास वसूल होण्यासाठी लागणाऱ्या फेऱ्या. त्याहून अधिक फेऱ्या होणार असतील तर पास घ्यावा. कमी होणार असतील तर साधे तिकीट घ्यावे. या आकड्यास आपण ‘समतोल फेऱ्या’ म्हणू.

दुसऱ्या वर्गाचा मासिक पास स्थूलमानाने १५ साध्या प्रवासांच्या भाड्याइतका असतो. अधिभार व रकमेचे पूर्णांकीकरण यांमुळे टप्प्याटप्प्याने थोडा फरक पडतो, आणि अगदी कमी अंतरावर पास तुलनेने महाग पडतो. म्हणून स्वतःच्या दोन स्थानकांपुरता भागाकार प्रत्येकाने एकदा करून पाहावा. पुढील विवेचनासाठी मात्र १५ हा आकडा गृहीत धरला आहे.

जाणे व येणे मिळून दिवसाला २ फेऱ्या होतात. म्हणजे महिन्यात ८ दिवस प्रवास करणाऱ्याचा पास वसूल होतो. महिन्यात २५ दिवस कामावर जाणारा नोकरदार ५० फेऱ्या करतो आणि १५ फेऱ्यांचे पैसे भरतो. त्याचा प्रत्येक प्रवास साध्या भाड्याच्या ३० टक्क्यांत होतो. आठवड्यातून दोन दिवस, म्हणजे महिन्यात सुमारे ९ दिवस जाणारा १८ फेऱ्या करतो. त्याला पास जेमतेम परवडतो. आठवड्यातून एकच दिवस जाणाऱ्याच्या ८ फेऱ्या होतात आणि त्याने पास काढल्यास जवळजवळ दुप्पट रक्कम खर्च होते.

या १५ च्या आकड्याला सार्वजनिक धोरणाचा इतिहासही आहे. जून २०१४ मध्ये रेल्वे मंत्रालयाने भाडेवाढ जाहीर केली तेव्हा मासिक पासाची आकारणी १५ ऐवजी ३० प्रवासांच्या आधारे करण्याचे ठरले होते. मुंबईत त्यावर तीव्र प्रतिक्रिया उमटली आणि काही दिवसांतच तो निर्णय मागे घेण्यात आला. तो अमलात आला असता तर समतोल बिंदू ८ दिवसांवरून १५ दिवसांवर गेला असता. पुढे १ जुलै २०२५ व २६ डिसेंबर २०२५ रोजी रेल्वेभाड्यांत वाढ झाली तेव्हाही उपनगरी भाडी व पास यांना वगळण्यात आले.

५. त्रैमासिक पास आणि शैक्षणिक सत्र

त्रैमासिक पास मासिक पासाच्या २.७ पट, सहामाही ५.४ पट आणि वार्षिक १०.८ पट असतो. वरवर पाहता मुदत जितकी दीर्घ तितकी सवलत अधिक, असा समज होतो. प्रत्यक्षात ३ महिन्यांसाठी २.७, ६ महिन्यांसाठी ५.४ आणि १२ महिन्यांसाठी १०.८ या तिन्ही ठिकाणी सवलत १० टक्केच आहे. म्हणजे त्रैमासिक पासापुढे आर्थिक सवलत वाढत नाही. सहामाही व वार्षिक पासाने रांगेचे हेलपाटे वाचतात आणि मधल्या काळात भाडेवाढ झाल्यास तिची झळ लागत नाही, इतकेच. त्याबदली मोठी रक्कम एकदम गुंतवावी लागते.

शिक्षणक्षेत्रातील प्रवाशाने येथे एक पायरी पुढे जाणे आवश्यक आहे, कारण त्याच्या वर्षात दिवाळीची व उन्हाळ्याची सुट्टी असते. पासाच्या मुदतीतील न वापरलेले दिवस पुढे ढकलले जात नाहीत. समजा, तीन महिन्यांपैकी एक महिना सुट्टीचा आहे. दोन मासिक पासांचा खर्च ३० साध्या भाड्यांइतका येतो. त्रैमासिक पासाचा खर्च ४०.५ भाड्यांइतका येतो. दोहोंतील फरक १०.५ भाड्यांचा आहे. म्हणून सुट्टीच्या महिन्यात १० किंवा त्याहून कमी फेऱ्या, म्हणजे ५ दिवसांपर्यंतच जाणे-येणे होणार असेल, तर दोन मासिक पास व उरलेली साधी तिकिटे हा पर्याय स्वस्त पडतो. परीक्षेचे पर्यवेक्षण, उत्तरपत्रिका तपासणी किंवा प्रवेशाचे काम यांमुळे ६ वा अधिक दिवस जावे लागणार असेल, तर त्रैमासिक पास घेणे श्रेयस्कर. त्यामुळे पास काढण्यापूर्वी शैक्षणिक दिनदर्शिका समोर ठेवणे उपयुक्त ठरते.

प्रस्तुत लेखकाने तासिका तत्त्वावर दोन महाविद्यालयांत अध्यापन करीत असताना हा हिशेब न करता एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्रैमासिक पास काढला होता. एप्रिलच्या मध्यावर तासिका संपल्या. मे महिन्यात एकदाही जावे लागले नाही आणि जूनमध्ये नवी नेमणूक होईपर्यंत पासाची मुदत संपत आली. त्या काळात मानधनही थांबलेले होते. रक्कम फार मोठी नव्हती. परंतु ज्या महिन्यात उत्पन्न नसते त्या महिन्यात लहान रक्कमही जाणवते. प्रस्तुत विषयाकडे लक्ष वळण्यास हा अनुभव कारणीभूत झाला.

६. अनियमित प्रवाशाचा प्रश्न

वरील विवेचनातून एक बाब स्पष्ट होते. उपनगरी पासाची रचना महिन्यातून २५ दिवस, एकाच ठिकाणी, ठरावीक वेळी कामावर जाणाऱ्या मनुष्यासाठी झाली आहे. गिरणी, बंदर, बँक व सरकारी कचेरी यांच्या मुंबईत असा प्रवासी बहुसंख्य होता. आज कंत्राटी कामगार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया, तासिका तत्त्वावरील अध्यापक, घरून व कार्यालयातून आळीपाळीने काम करणारे कर्मचारी यांचे प्रवास विस्कळीत स्वरूपाचे असतात. नियमित कर्मचाऱ्यास प्रत्येक फेरी ३० टक्के भाड्यात पडते, तर आठवड्यातून एक दिवस कामावर जाणाऱ्यास पूर्ण भाडे मोजावे लागते. ज्याचे काम अनिश्चित, त्याचाच प्रवास प्रतिफेरी महाग, अशी ही विसंगती आहे.

करोनाच्या काळात ही विसंगती ठळकपणे समोर आली. १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन्ही लसमात्रा घेतलेल्यांना लोकल प्रवास खुला झाला तेव्हा त्यांना प्रारंभी केवळ पास दिला जात होता. साधे तिकीट ३१ ऑक्टोबर २०२१ पासून मिळू लागले. गर्दीवर नियंत्रण हा त्यामागील हेतू समजण्यासारखा होता. तथापि महिन्यातून दोनतीनदाच प्रवास करणाऱ्यासही त्या अडीच महिन्यांत संपूर्ण पासाचे पैसे भरावे लागले.

७. वर्गाची निवड

दुसरा वर्ग, पहिला वर्ग आणि वातानुकूलित लोकल असे तीन पर्याय आज उपलब्ध आहेत. पहिली वातानुकूलित लोकल २५ डिसेंबर २०१७ रोजी पश्चिम मार्गावर धावली. तिचा मासिक पास त्या वेळी १० साध्या प्रवासांच्या भाड्याइतका ठेवण्यात आला होता. म्हणजे ५ दिवसांच्या जाण्यायेण्यातच तो वसूल होत असे.

मे २०२२ मध्ये वातानुकूलित लोकल आणि साध्या लोकलमधील पहिला वर्ग या दोहोंच्या साध्या तिकिटांचे भाडे जवळपास निम्मे करण्यात आले. पहिल्या वर्गाचे किमान भाडे ५० रुपयांवरून २५ रुपयांवर आले. पासाचे दर मात्र कमी झाले नाहीत. परिणामी या दोन्ही वर्गांत समतोल फेऱ्यांची संख्या सुमारे दुप्पट झाली. वातानुकूलित मासिक पासासाठी ती १० वरून २० च्या आसपास गेली. म्हणजे महिन्यातून १० दिवसांपेक्षा कमी प्रवास करणाऱ्याने आता साधे तिकीटच घ्यावे. २०२२ पूर्वीच्या सवयीने पास काढणाऱ्या प्रवाशाने हा भागाकार पुन्हा करून पाहणे इष्ट होय.

पहिल्या वर्गाचा पास दुसऱ्या वर्गाच्या पासाच्या सुमारे चौपट असतो. म्हणून नित्य प्रवास दुसऱ्या वर्गाने आणि प्रकृती बरी नसेल किंवा सोबत सामान असेल अशा दिवशीच पहिल्या वर्गाचे साधे तिकीट, हा मध्यम मार्ग अनेकांना परवडू शकतो. येथे दोन नियम लक्षात ठेवावेत. वातानुकूलित लोकलचे तिकीट वा पास साध्या लोकलच्या पहिल्या वर्गात चालतो. परंतु पहिल्या वर्गाचा पास वातानुकूलित लोकलमध्ये चालत नाही. तसे करावयाचे असल्यास फरकाची रक्कम भरून पास बदलून घेण्याची सोय सप्टेंबर २०२२ पासून आहे.

८. मार्गाची निवड : लोकल आणि मेट्रो

एकाच दोन ठिकाणांदरम्यान अनेक मार्ग असतील तर पासावर कोणता मार्ग नोंदविला आहे, हे पाहणे अगत्याचे असते. डोंबिवली ते अंधेरी हे उदाहरण घेऊ. दादरला गाडी बदलून पश्चिम मार्गाने जाता येते. कुर्ल्याहून हार्बर मार्गाने वडाळा, व तेथून गाडी बदलून अंधेरी गाठता येते. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो सुरू झाल्यापासून घाटकोपरपर्यंत लोकल व पुढे मेट्रो हा तिसरा पर्याय उपलब्ध झाला आहे. ‘दादर मार्गे’ असा पास घेतलेल्या प्रवाशाने वडाळा मार्गे जाणे नियमास धरून होत नाही आणि रेल्वेचा कोणताही पास मेट्रोत चालत नाही.

या दोन व्यवस्थांमधील मूलभूत फरकही ध्यानात घ्यावा. रेल्वेचा पास दिवस मोजतो, तर मेट्रो १ चा ४५ फेऱ्यांचा पास फेऱ्या मोजतो व त्याला ३० दिवसांची मुदत असते. रेल्वेच्या पासावर अधिक प्रवास केल्याने प्रतिफेरी खर्च घटत जातो. मेट्रोच्या पासात तो ४५ व्या फेरीनंतर घटावयाचा थांबतो. म्हणून लोकलचा पास घाटकोपरपर्यंतच काढावा की अंधेरीपर्यंत, हा निर्णय मेट्रोने महिन्यातून किती दिवस जाणार यावर अवलंबून ठेवावा. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘मुंबई वन’ हे मोबाइल ॲप कार्यान्वित झाले असून त्यावर विविध वाहतूक सेवांची तिकिटे एकत्र काढता येतात. एकत्र तिकीट मिळणे ही सोय आहे; तिच्यामुळे पासाचा वरील हिशेब बदलत नाही.

९. विद्यार्थी सवलत आणि महाविद्यालयाची जबाबदारी

राहत्या घराजवळचे स्थानक ते महाविद्यालयाजवळचे स्थानक या प्रवासासाठी विद्यार्थ्यांना सर्वसाधारणपणे निम्म्या दरात पास मिळतो. अनुसूचित जाती व जमातींच्या विद्यार्थ्यांना ही सवलत ७५ टक्के आहे. वयोमर्यादा सर्वसाधारण विद्यार्थ्यांसाठी २५, अनुसूचित जाती-जमातींसाठी २७ आणि संशोधक विद्यार्थ्यांसाठी ३५ वर्षे आहे. २०२० मध्ये रेल्वेच्या अनेक सवलती बंद झाल्या, तरी विद्यार्थ्यांची सवलत कायम राहिली.

वरील निकष येथे लावल्यास निम्म्या दराचा पास साडेसात फेऱ्यांत, म्हणजे ४ दिवसांत वसूल होतो. ७५ टक्के सवलतीचा पास तर पावणेचार फेऱ्यांत, अर्थात दुसऱ्याच दिवशी वसूल होतो. आठवड्यातून एकदाच महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्यालाही सवलतीचा पास लाभदायक आहे. याचाच अर्थ असा की, ज्याच्याजवळ सवलतीचा पास आहे त्याला पाचव्या दिवसापासून वर्गात येण्याचा प्रवासखर्च शून्य असतो. उपस्थितीच्या दृष्टीने या गोष्टीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

हा पास मिळण्यासाठी महाविद्यालयाच्या कार्यालयाने भरून, सही-शिक्क्यानिशी दिलेला सवलतीचा अर्ज आवश्यक असतो. विद्यार्थी त्यास ‘कन्सेशन’ म्हणतात. अडचण उद्भवते ती येथे. जून-जुलैमध्ये प्रवेशाचे काम असल्याने कार्यालयावर ताण असतो. एका महाविद्यालयात सवलतीच्या अर्जाची खिडकी दुपारी एकच तास उघडी असे आणि तोच तास प्रथम वर्षाच्या प्रात्यक्षिकांचा होता. प्रस्तुत लेखकाच्या वर्गातील एक विद्यार्थिनी त्यामुळे तीन आठवडे साधे तिकीट काढून येत होती. पैसे संपले की येत नव्हती. अनुपस्थितीचे कारण विचारले तेव्हा हा उलगडा झाला. तोपर्यंत उपस्थितीच्या नोंदीत ती ‘अनियमित’ ठरलेली होती.

याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. अर्ज हाती नाही आणि रोजचे तिकीट परवडत नाही, अशा स्थितीत विनातिकीट प्रवासाचा मोह होतो. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १३८ नुसार अशा प्रवाशाकडून भाड्याखेरीज किमान २५० रुपये वसूल केले जातात. कमी अंतराच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत ही रक्कम सवलतीच्या मासिक पासाहून अधिक असते. पास घरी विसरणे किंवा त्यासोबतचे ओळखपत्र जवळ नसणे हेही तिकीट तपासनिसापुढे अडचणीचे ठरते. पास अहस्तांतरणीय असल्याने मित्राच्या पासावर प्रवास करणे हा गुन्हा आहे, हेही नवागत विद्यार्थ्यास कोणीतरी सांगावे लागते.

या संदर्भात पुढील उपाय सुचवावेसे वाटतात :
१) सवलतीचे अर्ज प्रवेशाच्याच दिवशी, ओळखपत्राबरोबर भरून घ्यावेत.
२) अर्जाच्या खिडकीची वेळ वर्गाच्या वेळापत्रकाशी ताडून ठरवावी.
३) प्रथम वर्षाच्या उद्बोधन वर्गात तिकीट, पास, मार्ग व सवलत यांवर पंधरा मिनिटांचे मार्गदर्शन ठेवावे.
४) अनुपस्थित विद्यार्थ्याची चौकशी करताना ‘पास काढला आहे का?’ हा प्रश्न वर्गशिक्षकाने अवश्य विचारावा.
५) तासिका तत्त्वावरील सहकाऱ्यांचे तास शक्य तेथे थोड्या दिवसांत एकत्र लावावेत, म्हणजे त्यांच्या फेऱ्या कमी होतील.

१०. निष्कर्ष

१) योग्य तिकिटाची निवड अंतरापेक्षा महिन्यातील फेऱ्यांच्या संख्येवर अवलंबून असते. पासाच्या रकमेला साध्या भाड्याने भागणे हा त्यासाठी पुरेसा निकष आहे.
२) दुसऱ्या वर्गात ८ दिवस, वातानुकूलित लोकलमध्ये १० दिवस आणि निम्म्या सवलतीच्या विद्यार्थी पासाला ४ दिवस ही स्थूल मर्यादा होय.
३) त्रैमासिक पासापुढे सवलतीचे प्रमाण वाढत नाही, सुट्टीच्या महिन्यात ५ दिवसांपर्यंतच जाणे होत असेल तर मासिक पासच सोयीचे.
४) प्रचलित रचना नियमित नोकरदारास अनुकूल आहे. फेऱ्यांवर आधारित पासाचा पर्याय लोकलवरही उपलब्ध झाल्यास अनियमित उत्पन्नाच्या प्रवाशास न्याय मिळेल.
५) विद्यार्थ्याच्या बाबतीत तिकिटाची निवड त्याच्या एकट्याच्या हाती नसते. ती महाविद्यालयाच्या एका सहीवर आणि शिक्क्यावर अवलंबून असते.

रेल्वेचे दर आपण प्राध्यापक ठरवू शकत नाही. कार्यालयाची खिडकी कोणत्या वेळी उघडावी आणि मागच्या बाकावरील रिकाम्या जागेचे कारण विचारावे की नाही, हे मात्र आपल्या हाती आहे. सत्रारंभी एवढे केले तरी काही विद्यार्थ्यांची वर्गापर्यंतची वाट सुकर होईल.